शार्दूलच्या हिरड्या

ह्यांना दवाखान्यातून घरी येऊन सतरा दिवस झाले होते. सकाळी मी चहाचे कप घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तर आमचे हे सोफ्यावरून अर्धवट उठले, शर्ट सारखा केला आणि अदबीनं म्हणाले, "बसा ना. मिसेस आत आहेत, बोलावतो."

मला वाटलं, थट्टा करतायत. छत्तीस वर्षांच्या संसारात माझी थट्टा करायची एकही संधी त्यांनी सोडलेली नव्हती. मी म्हटलं, "मिसेसना कशाला बोलावता? त्या चहा गाळून दमल्यात."

आवाज कानावर पडला मात्र, त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तू होय," एवढंच बोलले आणि कप घेतला. तेवढ्यात खिडकीबाहेर, आमच्या गल्लीच्या पार टोकाला एक गाडी वळली. ह्यांनी नुसती मान वर केली. "शार्दूल. पहिल्या दोन वर्षांतली. डावा हेडलाइट बदललाय, कंपनीचा न्हाई." गाडी जवळ आली. शार्दूलच होती आणि डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळट होता.

म्हणजे नजर धडधाकट होती. दीडशे मीटरवरची गाडी ओळखणारा माणूस हातभर अंतरावरच्या बायकोला ओळखत नव्हता. इतके दिवस मी बोलत बोलतच समोर यायचे, म्हणून कळलं नव्हतं. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे रडण्याआधी मला कारण लागतं. त्याच दुपारी मी ह्यांना घेऊन नूपुर देशिंगकरकडे गेले. नूपुर माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती मेंदूची डॉक्टर आहे, पण मला अजून 'बाई'च म्हणते.

तिनं कागदावर मेंदूचं चित्र काढलं. शाळेत काढायची त्यापेक्षा बरं होतं. उजव्या कानाच्या मागे, मेंदूच्या तळाशी तिनं शेंगदाण्याएवढा एक ठिपका रंगवला.

"बाई, माणसाचा चेहरा ओळखायला मेंदूत स्वतंत्र जागा आहे. नाक कसं, डोळे कसे, असं सुटंसुटं न बघता सगळा चेहरा एका झटक्यात ओळखायचं काम ही जागा करते. काकांच्या मेंदूतली रक्ताची गुठळी नेमकी इथंच अडकली. त्यांना नाक दिसतं, डोळे दिसतात, पण ते सगळे मिळून कोण, हे कळत नाही. आरशातला स्वतःचा चेहराही त्यांना परका वाटत असणार."

हे गालावरून हात फिरवत होते. मग हळूच म्हणाले, "दाढी करताना वाटतं, कुणा दुसऱ्याच्याच गालावर वस्तरा फिरवतोय."

"आणि गाड्या?" मी विचारलं.

"ज्याला एखाद्या गोष्टीचं आयुष्यभर वेड असतं, त्याचा मेंदू त्या गोष्टीसाठी शेजारीच एक जागा तयार करतो. काकांची गाड्यांची जागा सहीसलामत वाचलीय."

ऐकून ह्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

आता ह्यांच्या वेडाबद्दल सांगायला हवं. आमचे हे म्हणजे धैर्यशील इंगवले. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचा पॅटर्नचा कारखाना होता. फाउंड्रीत ओतकाम करायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, ते ह्यांचं काम. त्यामुळे कुठलाही आकार बघितला की बोटं शिवशिवायची. दर रविवारी सकाळी अस्लम मुजावरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये ह्यांची बैठक भरायची. अस्लमभाई ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्या बैठकीचं नाव 'बॉनेट तालीम मंडळ'. तालमीत कुस्ती शब्दांचीच चालायची. कुठल्या कंपनीनं नवी गाडी काढली, प्रदर्शनात कुठलं कॉन्सेप्ट, म्हणजे नुसती नमुन्याची गाडी, ठेवलं, त्याच्या नाकाची रेघ बॉनेटशी जुळते का, दिवे फार बारीक झालेत का, यावर पंचवीस-तीस पोक्त माणसं घसा कोरडा होईस्तोवर भांडायची. इंजिन, बॅटरी, किंमत यात कुणाला रस नव्हता. मंडळाचं म्हणणं एकच, गाडीचं तोंड बघून सगळं कळतं.

आणि मंडळाची सगळ्यात आवडती शिकार म्हणजे चित्ररथ मोटर्सची शार्दूल.

गाड्या विजेवर चालायला लागल्यापासून समोरच्या मोठ्या जाळीची गरजच उरली नव्हती. जाळी असायची ती इंजिनाचं पाणी गार ठेवायला वारा मिळावा म्हणून. पण चित्ररथवाल्यांनी ओळख म्हणून ती ठेवली, उलट आणखी रुंद केली. उभ्या पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्या वर तांबूस उजेडाची एक कमान. वाघासारखं उग्र दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप. दिसली कशी? खदाखदा हसणाऱ्या माणसासारखी. गाडी बाजारात आली त्या रविवारी हे म्हणाले, "मर्दा, नाव शार्दूल आणि हिला कुणीतरी विनोद सांगितलाय. हिरड्या बघ हिच्या!"

ते वाक्य राज्यभर गेलं. गाडीवेड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर शार्दूलचं नाव 'हिरड्या' पडलं. त्यानंतर पंधरा वर्षं, रस्त्यात शार्दूल दिसली आणि हे काही बोलले नाहीत असं कधी झालं नाही.

आता माझी गोष्ट. मी हसले की माझ्या वरच्या हिरड्या दिसतात. लहानपणी चुलत भावंडं चिडवायची, तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली. लग्नानंतर ती सवय कधी सुटली ते कळलंही नाही, कारण ह्यांनी एका शब्दानंही कधी मला हिणवलं नाही. मग शार्दूल आली. ह्यांच्या तोंडी उठता-बसता हिरड्या, आणि तीस माणसं टेबल बडवून हसतायत. मी पुन्हा तोंडावर हात धरायला लागले, आणि मंडळाच्या लोकांसमोर तर हसणंच सोडलं. ह्यांच्या हे लक्षात आलं नाही. मीही कधी बोलले नाही. काय बोलणार? गाडीला बोललं तर बायकोला का लागतं, याचं उत्तर देताना आधी माझंच हसं झालं असतं.

दोन महिन्यांनी नूपुरनं चष्मा आणला. दिसायला साधाच, जाड काळ्या काड्यांचा. तिची कल्पना ऐकून मी आधी तिचा ताप बघितला.

"बाई, चेहऱ्यांचा रस्ता बंद झालाय, गाड्यांचा उघडा आहे. मग माणसांना त्या रस्त्यानं नेऊ या. समोर कोण आहे ते चष्म्यातला कॅमेरा ओळखतो आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर एका गाडीचं तोंड चढवतो. डोळ्यांच्या जागी दिवे, ओठांच्या जागी जाळी किंवा बंपर. माणूस हसला की तेही हसल्यासारखं फाकतं. एका माणसाला कायम एकच तोंड. मेंदूनं जोडी एकदा जुळवली की ओळख पापणी लवायच्या आत पटते."

"आणि कुणाला कुठलं तोंड द्यायचं?"

"ते काकांचा मेंदू सांगेल."

तिच्या प्रयोगशाळेत ह्यांच्या डोक्याला तारांची टोपी घालून पडद्यासमोर बसवलं. अर्ध्या अर्ध्या सेकंदाला गाडीचं एक तोंड, अशी सहाशे तोंडं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही ही अट होती आणि ती ह्यांना फार जड गेली. डोळ्यांची बाहुली किती मोठी होते आणि मेंदूत कुठली लाट उठते, एवढंच यंत्र बघत होतं. त्यातून चाळीस तोंडांची यादी निघाली, सगळ्यात खोल रुतलेलं तोंड सगळ्यात वर. ह्यांना घ्यायला अस्लमभाई गेले होते, म्हणून नूपुरनं यादी त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, "ज्याला रोज ओळखायचंय त्याला वरचा नंबर द्या."

सूचना इतकी सोपी होती. पण ती बॉनेट तालीम मंडळाच्या हातात पडली.

रविवारी शेडमध्ये खास सभा बोलावली. मला खुर्ची ठेवली, त्यावर टॉवेल अंथरला. अस्लमभाईंनी यादी खिशातून काढली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली, आणि घडी घालून परत खिशात ठेवली. "यंत्राला काय अक्कल असती व्हय?" ते म्हणाले. "आपण हाय की. मानाप्रमाणं वाटू."

मग लग्नात आहेर वाटतात तशी तोंडं वाटली. मंडळाच्या खजिनदाराला मर्सिडीज हवी होती, त्याला जुन्या टेम्पोवर गप्प बसवलं. एकाला खाली झुकलेल्या दिव्यांची हॅचबॅक मिळाली म्हणून तो उठून चालला होता, त्याला चहा पाजून परत बसवला. अस्लमभाईंनी स्वतःसाठी चपट्या नाकाची, गोल डोळ्यांची जुनी जीप घेतली. ती त्यांना शोभत होती.

"आता वैनी," अस्लमभाई उभे राहिले. "वैनींना साधीसुधी गाडी द्यायची न्हाई. वैनींना शुभ्रा."

शुभ्रा म्हणजे चित्ररथनंच अकरा वर्षांपूर्वी प्रदर्शनात ठेवलेलं कॉन्सेप्ट. कारखान्यात कधी न बनलेली, एकुलती एक गाडी. मोत्यासारखा रंग, मिटलेल्या ओठांसारखी एक रेघ, लांबट दिवे. त्या कंपनीची मंडळानं वाखाणलेली ही एवढीच वस्तू. सगळ्यांनी हात वर केले. ह्यांनीही केला.

खरं सांगते, मला आवडलं. साठीला आलेल्या बाईला तीस पुरुषांनी एकमतानं देखणी ठरवलं, तर तिनं का नाही म्हणावं?

मंडळाची वाटणी प्रयोगशाळेतल्या पोरांनी चष्म्यात भरली आणि आठवड्याभरात हे सगळ्यांना ओळखायला लागले. दूधवाल्याला, शेजारच्या जोश्यांना, दुकानातल्या पोरीला. लेक जपानात असते, तिच्या व्हिडिओवरही गाडी चढायची आणि दोघं खिदळायची. मला ओळखायला मात्र वेळ लागायचा. मी समोर आले की हे थबकायचे, काहीतरी आठवल्यासारखं करायचे. मी बोलले की "हां, हां" म्हणायचे. मी मनाला समजावलं, लागेल सवय.

मग माझ्या भाचीचा साखरपुडा आला. मी सकाळीच पुढे गेले होते. हॉलच्या दारात मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. हे गाडी लावून आले. माझ्यासमोर थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. आणि दोन्ही हात जोडून, किंचित वाकून म्हणाले, "नमस्कार." पेढा घेतला आणि आत गेले. आत पन्नास माणसांच्या गर्दीत त्यांनी टोकाला पाठमोरा होणारा अस्लम टिपला. "अस्लम! ए जीप!"

मी मुद्दाम हाक मारली नाही. मला बघायचं होतं, परत येतात का. ते आले नाहीत. ताट दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन मी जिन्यात जाऊन बसले. मी बोलले की मी असायचे आणि मी गप्प बसले की मी नसायचे, एवढाच त्याचा अर्थ होता. बायकोनं मरेपर्यंत बडबडतच राहायचं का?

घरी आल्यावर त्यांना विचारलं. ते बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "एवढी देखणी गाडी आपल्या घरची असेल असं वाटतच न्हाई गं. कुणातरी मोठ्या माणसाची वाटते."

दुसऱ्या दिवशी नूपुर घरी आली. मी अस्लमभाईंनाही बोलावून घेतलं. नूपुरनं कॉम्प्युटर उघडून यादी बघितली आणि ती चक्रावली. "शुभ्रा? शुभ्रा चाळिसातही नाही. काका तिला चांगली म्हणतात, पण त्यांच्या मेंदूत तिचा ठसाच नाही. बाई, तुम्हाला पहिला नंबर दिला नाही का?"

"पहिला नंबर कुठला होता?" मी विचारलं.

अस्लमभाई छताकडे बघायला लागले.

"अस्लमभाई."

"वैनी, जीव गेला तरी मी ते करणार न्हाई," ते काकुळतीनं म्हणाले. "तुमच्या तोंडावर... शार्दूल? जोड्यानं मारलं असतं तुम्ही मला. यंत्र बिघडलंय म्हणून मी गप बसलो."

मी बाईंच्या आवाजात बोलले. "नूपुर, रागानंही बाहुली मोठी होते. हे मी तुला आठवीत शिकवलंय. पंधरा वर्षं रोज शिव्या दिल्यात त्यांनी त्या गाडीला. ती रुतणारच."

"बाहुली रागानं मोठी होते, बाई. पण मी लाट बघितलीय." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. एक सपाट रेघ, मध्येच एक उंचवटा. "चेहरा दिसल्यावर पाव सेकंदानं ही उठते. अनोळखी माणसाला उठत नाही. रागाच्या माणसाला उठते ती वेगळी, ती लवकर येते आणि टोकदार असते. ही गोल लाट फक्त आपल्या माणसाला येते. आईला, लेकराला, नवऱ्याला. काकांच्या मेंदूत ती आता एकाही माणसाला येत नाही. गाड्यांआधी तुमचे चाळीस फोटो दाखवले, नाही आली. सहाशे गाड्यांत फक्त एका गाडीला आली."

हे खाली मान घालून ऐकत होते. मला खरं तर विरघळायला हवं होतं. पण माझा तोलच गेला. पंधरा वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

"कारण ती माझ्यासारखी हसते!" मी ओरडले. "हिरड्या दिसतात माझ्या! मंडळात टेबलं बडवून हसलात, रस्त्यारस्त्यावर हसलात, आणि मी इथं तोंडावर हात धरून बसले! आता तेच तोंड मला लावणार? नको मला. परकी म्हणून राहीन मी या घरात."

अस्लमभाईंचा चेहरा पांढरा पडला. ह्यांनी मात्र मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर कुठंतरी, भलत्याच जागी बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या हिरड्या दिसतात, हसताना?"

"तेवढंही कधी बघितलं नाहीत?" मी म्हटलं.

"मला आठवत न्हाई, वृषाली," ते म्हणाले. "मी डोळे मिटले की तुझा आवाज येतो. तुझ्या हाताचा वास येतो. तोंड येत न्हाई. रोज झोपताना बघतो प्रयत्न करून. गाडीला मी का हसायचो ते मला ठाऊक न्हाई. ती दिसली की बरं वाटायचं. बरं वाटलं की मी बोलतो, तुला म्हाईत हाय. बरं बोलायला मला येत न्हाई."

मी उठून आत गेले. जिन्यात बसले तशी आत कॉटवर बसले आणि पोटभर रडले.

पुढचे चार दिवस घरात दोघं जपून वावरत होतो. मी समोर आले की हे चष्मा काढून ठेवायचे, नमस्कार होऊ नये म्हणून. पाचव्या दिवशी मी दूध आणायला गेले, तर डेअरीसमोर एक शार्दूल उभी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पंधरा वर्षांत मी तिच्याकडे एकदाही धड बघितलं नव्हतं, मान वळवायची. पांढऱ्या पट्ट्या, वर ती तांबूस कमान. हसत होती. कुणाला नव्हे, नुसतीच हसत होती. वाईट नव्हती दिसत.

गाडीचा मालक पिशवी घेऊन बाहेर आला. "घ्यायचीय काय काकू? विकायची न्हाई."

"नाही हो. चित्ररथवाले आता हिला बंद करून नव्या तोंडाची काढणार म्हणतात."

"करू देत. मी हिला भंगारात घालणार न्हाई. लोक नावं ठेवतात, पण सिग्नलला बारकी पोरं हिच्याकडं बघून हसत्यात. सकाळी बाहेर आलो, ही दिसली की माझा दिवस बरा जातो."

दुधाची पिशवी घेऊन मी तिथूनच नूपुरला फोन लावला. "लाव ते तोंड," मी म्हटलं. "आणि काकांना सांगू नकोस."

त्याच शनिवारी चित्ररथ मोटर्सचा कार्यक्रम होता. शार्दूलचं नवं रूप ठरवण्याआधी कंपनी गावोगावच्या गाडीवेड्यांची मतं घेत होती, आणि 'हिरड्या' हा शब्द ज्यांनी जन्माला घातला त्यांना कोल्हापुरात व्यासपीठावर मानानं बोलावलं होतं. हे सकाळपासून माझ्याशी चष्म्याशिवाय वावरत होते, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नाही. हॉल खच्चून भरला होता, तीनशे तरी माणसं असतील. मी आणि अस्लमभाई तिसऱ्या रांगेत बसलो. हे वर, चष्मा लावून, कुठं बघावं ते न कळल्यासारखे.

ईशान नावाच्या तरुण डिझायनरनं कापड ओढलं. नव्या कॉन्सेप्टचं नाव होतं 'मौन'. समोरून सगळं सपाट, गुळगुळीत. जाळी नाही, पट्ट्या नाहीत, कमान नाही. टोकाला दोन बारीक दिवे. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"पंधरा वर्षं तुम्ही आम्हाला हसलात," ईशान नम्रपणे म्हणाला. "आम्ही ऐकलं. तोंडच काढून टाकलं. आता इंगवले सर, तुमचं मत. तुम्ही पसंत केलं तर मी निर्धास्त झोपेन."

ह्यांनी माईक घेतला. बॉनेटची रेघ चांगली उतरलीय म्हणाले. दोन पत्र्यांमधली फट सगळीकडे सारखी आहे, काम स्वच्छ आहे म्हणाले. मागून पोरं ओरडायला लागली, "हिरड्या! सर, हिरड्या!" सगळ्यांना तो जुना विनोद ऐकायचा होता. ह्यांनी ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम आला होता. ते गर्दीतल्या अनोळखी तोंडांवरून नजर फिरवत होते.

अस्लमभाई माझ्या कानाशी वाकले. "वैनी, भावानं दाढी केलीया, पण एकाच गालाची. दुसरा गाल दुसऱ्याचा समजून सोडला बघा."

मी बघितलं. खरंच होतं. कंपनीच्या झगमगाटात, सुटाबुटात, अर्ध्या दाढीनिशी आमचे हे उभे होते. मला हसू फुटलं. हात सवयीनं तोंडाकडे निघाला. तो मी खाली दाबून धरला आणि चांगली खळखळून हसले.

व्यासपीठावर हे वाक्य अर्धवट टाकून थांबले.

"वृषाली," ते माईकवर म्हणाले. मला आवाज द्यावा लागला नाही, साडीचा रंग सांगावा लागला नाही. गल्लीच्या टोकाची गाडी ओळखावी तसे एका दमात म्हणाले, "तिसरी रांग. डावीकडून चौथी."

सगळे माना वळवून बघायला लागले. मी तोंड मिटलं नाही.

ईशान गोंधळला. "सर, मौनबद्दल तुमचं मत..."

"लिहून घे बाबा," हे म्हणाले. त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "तुझी गाडी चांगली हाय. पण माझं पहिलं मत खोटं होतं. पंधरा वर्षं खोटं बोललो मी. शार्दूलचं ते हसणारं तोंड मला आवडतं. लई आवडतं. पहिल्यापासून आवडतं. त्याला हात लावू नका."

सगळा हॉल ओरडला. कुणी शिट्या मारल्या, कुणी "इंगवले फुटले, कंपनीनं पैसे चारले" म्हणून टर उडवली. तीनशे माणसांना वाटलं, हे गाडीबद्दल बोलतायत. अस्लमभाईंना आणि मला तसं वाटलं नाही.